एका मळ्याची बारोलो नागपुरात कशी जपावी आणि कशी उघडावी

परदेशातून आलेल्या भाच्याने किंवा जावयाने बॅगेतून काढून हातात ठेवलेली रेड वाइनची बाटली नागपूरच्या घरांत आता फारशी नवलाची राहिलेली नाही. नवल वाटते ते तिच्या लेबलाचे. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘बारोलो’ असे इटलीतल्या एका रेड वाइनचे नाव लिहिलेले असते, एका कोपऱ्यात हंगामाचे वर्ष असते, आणि या दोहोंच्या जोडीला ‘कान्नुबी’, ‘ब्रुनाते’ किंवा ‘व्हिल्लेरो’ असे आणखी एक नाव असते, जे बहुतेक लोक उत्पादकाचे नाव समजून पुढे जातात. ते उत्पादकाचे नाव नसून डोंगराच्या एका विशिष्ट उताराचे नाव असते, आणि त्याच उत्पादकाच्या साध्या बारोलोपेक्षा ही बाटली महाग असते ती बहुधा त्या नावामुळेच. अशी बाटली घेताना काय पाहावे, नागपूरच्या उन्हाळ्यातून ती कशी वाचवावी, केव्हा आणि कशी उघडावी, आणि उताराचे ते नाव पेल्यात खरोखर उतरले आहे की नाही हे कसे तपासावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

उताराचे नाव कशासाठी?

काटोलजवळ माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. एका डिसेंबरात त्यांनी दोन संत्री सोलून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “हे नाल्याकडच्या वावरातलं, अन् हे बरडीवरचं. खाऊन पाहा अन् सांग, कोणतं कोणतं.” झाडे एकाच रोपवाटिकेतून आणलेली, एकाच जंबेरी खुंटावर बांधलेली, एकाच वर्षी लावलेली, आणि फळही दोन्हीकडचे आंबिया बहाराचेच, तरी नाल्याकडच्या खोल काळ्या जमिनीतले फळ मोठे, सैल सालीचे आणि पाणचट गोडीचे होते, तर मुरमाड बरडीवरचे लहान, घट्ट सालीचे आणि जिभेच्या कडांना आंबट झोंबणारे होते. मी तिसऱ्या फोडीला ओळखले. मामांनी मात्र फोड तोंडात न घालता, नुसता सालीचा वास घेऊन ओळखले असते, कारण ती दोन्ही वावरे त्यांच्या पायाखालची आहेत.

एका मळ्याच्या वाइनमागे हीच गोष्ट आहे, फक्त तिला कायद्याची आणि नकाशाची जोड मिळालेली आहे. आपल्याकडे ‘नागपूर संत्रा’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले ते सगळ्या पट्ट्याला मिळून. बरडीवरच्या संत्र्याला वेगळे नाव मिळाले नाही. बारोलोत बरडीलाही नाव आहे.

बारोलोचा मुलूख

इटलीच्या वायव्येला पिएमाँते प्रांत आहे, त्याच्या दक्षिण भागात आल्बा नावाचे शहर आहे, आणि आल्बाच्या नैर्ऋत्येला लांगे नावाच्या टेकड्यांत बारोलो हे लहानसे गाव आहे. त्याच्या नावाने विकली जाणारी वाइन एकट्या त्या गावात होत नाही. एकूण अकरा गावांच्या शिवारांत ती होते, आणि त्यांपैकी बारोलो, ला मोर्रा, कास्तिल्योने फाल्लेत्तो, सेर्रालुंगा द’आल्बा आणि मोन्फोर्ते द’आल्बा ही पाच गावे महत्त्वाची आहेत. द्राक्ष एकच चालते, ते म्हणजे नेब्बिओलो. त्यात दुसऱ्या कोणत्याही जातीची भेसळ नियमाला मान्य नाही. बारोलोला इटलीच्या कायद्याने नियंत्रित नावाचा दर्जा १९६६ मध्ये मिळाला आणि त्याहून वरचा, हमीचा दर्जा १९८० मध्ये मिळाला. लांगेचा हा सारा द्राक्षमळ्यांचा प्रदेश शेजारच्या टेकड्यांसह २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

नेब्बिओलो हे हट्टी द्राक्ष आहे. त्याची कळी लवकर फुटते आणि घड मात्र सर्वांत उशिरा, बहुधा ऑक्टोबरात पिकतात, जेव्हा त्या खोऱ्यांत सकाळी दाट धुके उतरलेले असते. ‘नेब्बिया’ म्हणजे धुके, आणि द्राक्षाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगण्याची तिथे रीत आहे. इतका उशीर लागणाऱ्या द्राक्षाला ऊन जिथे अधिक वेळ मिळेल तिथेच ते पिकते, म्हणून उताराची दिशा हा तिथे जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. नियमसुद्धा तेच सांगतो: मळा समुद्रसपाटीपासून १७० ते ५४० मीटरच्या दरम्यान असावा, खोऱ्याच्या तळाशी सपाटीवर नसावा आणि थेट उत्तरेकडे तोंड करून नसावा. टेकडीच्या ज्या कडेवर बर्फ आधी वितळतो तिथे नेब्बिओलो लावावी, असा तिथल्या जुन्या शेतकऱ्यांचा साधा हिशेब होता. आपल्याकडे नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी करून पीक थंडीत आणले जाते, म्हणजे द्राक्षाला ऊन कमी पडेल ही चिंता नसतेच. लांगेत सगळी धडपड ऊन गोळा करण्याची आहे.

दुसरा भाग मातीचा. या टेकड्या एके काळी समुद्राचा तळ होत्या. पश्चिमेकडे, ला मोर्रा आणि बारोलो या गावांच्या बाजूला, निळसर करड्या रंगाची चुनखडीयुक्त चिकणमाती अधिक आहे आणि तिथली वाइन सुवासिक, थोडी मऊ आणि तुलनेने लवकर पिण्याजोगी होते. पूर्वेकडे, सेर्रालुंगा आणि मोन्फोर्ते यांच्या बाजूला, त्याहून जुने, वालुकाश्माचे थर मिसळलेले आहेत आणि तिथली वाइन कठोर, तुरट आणि दीर्घायुषी होते. प्रत्यक्ष भूगर्भ इतका सरळ विभागलेला नाही, आणि एकाच उतारावर दोन्ही थर भेटतात अशा जागाही आहेत. बारोलो गावाची कान्नुबी टेकडी त्याच कारणाने नावाजली गेली. कान्नुबीचे नाव लिहिलेली १७५२ सालची एक बाटली अजून जपून ठेवलेली आहे, म्हणजे या उताराची ख्याती ‘बारोलो’ हे नाव बाटलीवर रुळण्याच्याही आधीची आहे.

लेबल वाचताना

जुन्या काळी व्यापारी वेगवेगळ्या गावांतली द्राक्षे विकत घेऊन, एकत्र करून बारोलो तयार करीत. एका मळ्याची द्राक्षे वेगळी ठेवून त्या मळ्याच्या नावाने बाटली भरण्याची आधुनिक प्रथा १९६१ च्या हंगामापासून धरली जाते. त्या वर्षी बेप्पे कोल्ला यांनी प्रुनोत्तो या वाइनघराच्या नावाखाली बुस्सिया या मळ्याची आणि आल्फ्रेदो कुर्रादो यांनी व्हिएत्ती या वाइनघराच्या नावाखाली रोक्के या मळ्याची बारोलो वेगळी काढली. पुढे रेनातो रात्ती या उत्पादकाने या उतारांचा नकाशा तयार केला, आणि २०१० च्या हंगामापासून अशा १८१ नावांची अधिकृत यादी लागू झाली, ज्यांतली ११ नावे संपूर्ण गावांची आणि उरलेली १७० उतारांची आहेत.

इथे खरेदीदाराने एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. यादीतले नाव आहे म्हणजे तो एक लहानसा मळाच असेल असे नाही. मोन्फोर्तेचा बुस्सिया हा जवळजवळ ३०० हेक्टरचा मुलूख आहे. त्यात डोंगराची पूर्वेकडची बाजू आहे, पश्चिमेकडची आहे, उंच भाग आहे, सखल भाग आहे. याउलट कान्नुबी त्याच्या तुलनेत मूठभर आहे, आणि तेथेही शेजारच्या तुकड्यांनी कान्नुबी म्हणवून घ्यावे की नाही यावरून प्रकरण इटलीच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेले होते. म्हणून उताराच्या नावानंतर ‘व्हिन्या’ हा शब्द आणि आणखी एक नाव लिहिलेले असेल, तर ते अधिक बारकाईने पाहावे: व्हिन्या म्हणजे त्या उतारातला नोंदणी केलेला एक ठरावीक तुकडा, आणि त्यासाठी हेक्टरी उत्पादनाची मर्यादाही साध्या बारोलोपेक्षा कमी ठेवलेली आहे. ‘ब्रिक्को’ म्हणजे टेकडीचा माथा, ‘सोरी’ म्हणजे दक्षिणेकडचा उन्हाचा उतार, आणि ‘कास्चिना’ म्हणजे शेतघर. हे शब्द नावाचा भाग म्हणून येतात आणि जागेचा अंदाज देतात. ‘रिझेर्वा’ हा शब्द मात्र जागेचा नसून काळाचा आहे: साधी बारोलो कापणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यांतले १८ महिने लाकडी पिपात, आणि रिझेर्वा ६२ महिने. त्यामुळे २०२० च्या हंगामाची बारोलो २०२४ च्या जानेवारीआधी बाजारात आलेली असूच शकत नाही.

हंगामाच्या वर्षाकडेही पाहावे, पण त्याने भारून जाऊ नये. २०१६ हा लांब चाललेला, संतुलित हंगाम होता आणि २०१७ हा उष्ण आणि कोरडा. असा फरक पेल्यात जाणवतो, तरीही सामान्य हंगामातली चांगल्या उत्पादकाची बाटली ही गाजलेल्या हंगामातल्या बेफिकीर उत्पादकाच्या बाटलीपेक्षा केव्हाही बरी.

एका मळ्याची म्हणून ती श्रेष्ठ, असेही समजू नये. बार्तोलो मास्कारेल्लो हे बारोलो गावातले प्रसिद्ध उत्पादक शेवटपर्यंत या प्रथेच्या विरोधात राहिले. कान्नुबीसारख्या उतारावर मालकी असूनही ते आपल्या चार मळ्यांची द्राक्षे एकत्रच करीत, कारण त्यांच्या मते एका उताराची उणीव दुसऱ्याने भरून काढणे हीच बारोलोची खरी रीत होती. त्यांची ती मिश्र बारोलो आज अनेक एकमळी बाटल्यांपेक्षा अधिक मागणीत आहे. मला त्यांचे म्हणणे पटते, आणि तरीही मी एका मळ्याची बाटली विकत घेतो, कारण शिकायचे असेल तर आधी सूर वेगवेगळे ऐकावे लागतात.

घेणे आणि आणणे

नागपुरातल्या दुकानांत बारोलो मिळाली तर तिची साठवण कशी झाली आहे हे किमतीआधी पाहावे. दर्शनी काचेत, दिव्याच्या खाली, उभी ठेवलेली बाटली कितीही सवलतीत मिळत असली तरी घेऊ नये. बुचावरचे वेष्टण बोटाने फिरवून पाहावे. ते सहज फिरत असेल तर बहुधा आतून वाइन झिरपलेली नाही, आणि चिकटून बसले असेल किंवा बूच किंचित वर आलेले दिसत असेल, तर ती बाटली बहुधा कुठेतरी तापलेली आहे. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. विमानतळाबाहेर घेतलेल्या बाटल्या केबिनमध्ये नेता येत नाहीत, म्हणून त्या सामानाच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवायला सांगाव्यात. एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या दोन वेगळ्या बाटल्या आणायला सांगितल्या तर पुढे वर्णन केलेली तुलना करता येईल. नुसते “एखादी चांगली रेड आण” असे सांगितले तर विमानतळावर समोर दिसेल ती येते.

महाराष्ट्रात मद्य विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो आणि वयाची अट आहे, हे घरी पार्टी ठरवणारे सोयीस्करपणे विसरतात. त्याहून मोठी चूक म्हणजे बाटली गाडीत टाकून सुट्टीला वर्ध्याकडे निघणे. वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे, गडचिरोलीही आहे. बाटली इटलीची आहे आणि उतार नावाजलेला आहे हे नाक्यावर सांगून उपयोग होत नाही.

नागपूरचा उन्हाळा

वाइनच्या पुस्तकांत ‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ असे लिहिलेले असते, ती खोली युरोपातली, जाड दगडी भिंतींची, १६ ते १८ अंशांची असते. नागपूरची खोली मे महिन्यात रात्री अकरा वाजता ३५ अंशांची असते. बारोलो दीर्घकाळ मुरण्यासाठी १२ ते १४ अंशांची, अंधारी, हादरे नसलेली जागा हवी, आणि अशी जागा नागपूरच्या सामान्य घरात नाही, हे मान्य करूनच पुढचा विचार करावा.

माझी पहिली एकमळी बारोलो मी स्वयंपाकघराच्या माळ्यावर, जुन्या पितळी भांड्यांच्या मागे ठेवली होती, कारण तिथे अंधार असतो असे मला वाटले. मळ्यावरची बाटली माळ्यावर गेली आणि संपली. मे महिन्यात छत दिवसभर तापत राहिले, आणि जूनमध्ये पाऊस पडल्यावर मी ती खाली काढली तेव्हा बूच तीन-चार मिलिमीटर वर आलेले होते, वेष्टणाखालून काकवीसारखा चिकट ओघळ आलेला होता, आणि आतल्या वाइनला गुलाबाऐवजी शिजवलेल्या मनुकांचा वास येत होता. तापलेल्या वाइनचे लक्षण नेमके हेच आहे, आणि ती पुन्हा थंड केल्याने सुधारत नाही.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो आणि तोच येथे सुचवतो: विशेष वाइन कूलर घरी नसेल तर बारोलोची बाटली उन्हाळाभर ठेवू नये. नोव्हेंबरनंतर आणावी आणि जानेवारी संपेपर्यंत, म्हणजे आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात असेपर्यंत, उघडून टाकावी. त्या दिवसांत नागपूरची रात्र १२ अंशांच्या आसपास उतरते, उत्तरेकडच्या खोलीच्या जमिनीवर आडवी ठेवलेली बाटली आपोआप सुखात असते. उन्हाळ्यात ठेवणे भागच पडले तर ती फ्रिजच्या खालच्या, भाजीच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आडवी ठेवावी. फ्रिजचे तापमान हवे त्यापेक्षा कमी असते आणि तिथल्या कोरड्या हवेने बूच हळूहळू सुकते, म्हणून ही सोय तीन-चार महिन्यांचीच समजावी. तरी थंडीने वाइनची वाढ मंदावते, उष्णतेने ती मरते, आणि या दोहोंत निवड अवघड नाही. फ्रिजच्या डोक्यावर मात्र कधीही ठेवू नये. तिथे उष्णता आणि थरथर दोन्ही आहेत. एसी लावलेली खोलीही भरवशाची नाही, कारण तो माणूस आत असेपर्यंतच चालतो आणि बाटलीला रोजची चढउतार सोसावी लागते. कूलरसमोर ओला पंचा गुंडाळून ठेवण्याची युक्ती अनेक जण सांगतात. कोरड्या हवेत माठासारखे काम होऊन बाटली थोडी थंड होते हे खरे, पण नागपूरच्या मे महिन्यात ती पंचविशीच्या फारशी खाली येत नाही, लेबल मात्र लगदा होऊन हातात येते.

उघडण्याचा दिवस

बाटली प्यायची त्याच्या दोन दिवस आधी उभी करून ठेवावी, म्हणजे तळाशी असलेला गाळ खाली बसतो. पेल्यात ओततेवेळी वाइन १६ ते १८ अंशांची असावी. डिसेंबरात जमिनीवर ठेवलेल्या बाटलीला काहीच करावे लागत नाही. इतर ऋतूंत खोलीतली बाटली बर्फ आणि पाणी सारख्या प्रमाणात घातलेल्या बादलीत १५ मिनिटे ठेवावी, किंवा फ्रिजमधली बाटली तासभर आधी बाहेर काढावी. हाताला बाटली गार लागली पाहिजे, थंडगार नव्हे. वाइन गरम असेल तर १४ टक्क्यांच्या घरातला मद्यार्क नाकात चढतो आणि बाकीचे काही कळत नाही. फार थंड असेल तर तुरटपणा एवढा वाढतो की तोंड आवळून येते.

बूच काढण्यासाठी साधा घडीचा कॉर्कस्क्रू पुरेसा आहे. मळसूत्र मध्यावर रोवून बूच सरळ वर ओढावे, हिसका देऊ नये. दहा वर्षांच्या आतली बारोलो काचेच्या रुंद तोंडाच्या जगमध्ये ओतून दोन ते तीन तास मोकळी ठेवावी. जग साबणाने घासलेला नसावा, कारण साबणाचा वास राहतो आणि मग तोच ‘गंध’ म्हणून वर्णन करणारा एखादा जाणकार पाहुणा निघतोच. वीस वर्षांहून जुनी बाटली असेल तर ती पिण्याच्या थोडी आधीच, अगदी संथ धारेने ओतावी. बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा दिवा धरला की गाळाची पहिली रेघ मानेपर्यंत आलेली दिसते, तिथे थांबावे.

नाव पेल्यात उतरले का?

उताराचे नाव एकट्या बाटलीत ओळखता येत नाही. ज्याने एकच संत्रे खाल्ले त्याला ते नाल्याकडचे की बरडीवरचे हे कसे सांगता येईल? म्हणून शक्य असेल तर दोन बाटल्या शेजारी उघडाव्यात: एकाच उत्पादकाची, एकाच हंगामाची साधी बारोलो आणि एकमळी बारोलो, किंवा त्याहून चांगले म्हणजे त्याच उत्पादकाच्या दोन मळ्यांच्या, एक ला मोर्राची आणि एक सेर्रालुंगाची. उत्पादक एकच असण्याचा आग्रह एवढ्यासाठी, की काही जण जुन्या पद्धतीने मोठ्या, वर्षानुवर्षे वापरलेल्या पिपांत वाइन मुरवतात आणि काही जण २२५ लिटरच्या लहान, नव्या फ्रेंच ओकच्या पिपांत. दोन उत्पादकांच्या बाटल्या घेतल्या तर लाकडातला फरक मातीतला समजून आपण फसतो. सहा जणांनी वर्गणी काढली तर खर्च सुसह्य होतो. दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून क्रमांक द्यावेत, प्रत्येकाला ५० मिलिलिटर द्यावे, आणि बोलण्याआधी प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहावे. एकदा वयाने मोठ्या माणसाने मत दिले की उरलेल्यांना तोच वास येऊ लागतो.

रंग पाहून निराश होऊ नये. नेब्बिओलोचा रंग फिकट, डाळिंबाच्या रसासारखा असतो आणि काठाशी लवकरच विटकरी होतो. ही वाइन पाणी घातलेली आहे, असे माझ्या सासऱ्यांचे पहिल्या वेळचे मत होते. वासात वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, थोडा गुलकंद, ज्येष्ठमध, आणि त्यांच्या मागे डांबर. डांबर हा शब्द इटलीतही याच वाइनसाठी वापरतात, आणि मे महिन्याच्या दुपारी नागपूरच्या रस्त्यावरून चाललेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. मग एक घोट घेऊन तो हिरड्यांवर फिरवावा. तुरट या चवीसाठी मराठीत परिचित मापे आहेत: अर्धवट पिकलेले जांभूळ, टेंभुर, हिरडा, कडक काळा चहा. दोन पेल्यांपैकी कोणत्यात तुरटपणा जिभेवर पसरून विरतो आणि कोणत्यात तो हिरड्यांना धरून बसतो, हे लिहून ठेवावे. ला मोर्राची बहुधा पहिल्या प्रकारची निघते, सेर्रालुंगाची दुसऱ्या. त्यानंतर पेले तसेच ठेवून तासाभराने पुन्हा वास घ्यावा, आणि आणखी तासाभराने पुन्हा. एकमळी बारोलोत मला खरा फरक दिसतो तो इथे, कारण साधी बाटली पहिल्या तासात आपले सगळे सांगून टाकते आणि चांगल्या उताराची बाटली तिसऱ्या तासातही बदलत राहते. असे झाले नाही तर नावासाठी मोजलेले पैसे वाया गेले असे निःसंकोच वहीत लिहावे.

जेवण

सावजी मटणाबरोबर बारोलो पिऊ नये. मिरचीचा जाळ आणि टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतल्या द्रव्याचा, तुरटपणा एकमेकांना वाढवतात, मद्यार्क त्यात तेल ओततो, आणि वाइन कडू लागते. सावजी रश्शाचाही तो अपमानच आहे. हेच तर्रीला आणि पाटवडी रश्शाला लागू. टॅनिनला स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने मऊ करतात, म्हणून पिएमाँतेत ही वाइन वाइनमध्येच मंद शिजवलेल्या गोमांसाबरोबर, लोण्यात घोळलेल्या अंड्याच्या बारीक शेवयांबरोबर आणि मुरलेल्या चीजबरोबर पितात. आपल्याकडे त्या जागी मिरी, तमालपत्र आणि भरपूर कांदा घालून तीन तास मंद शिजवलेले, तिखट न घातलेले बकऱ्याचे मटण ठेवावे. शाकाहारी घरात हिरवी मिरची न घातलेले, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत फार चांगले जुळते, कारण त्यातला धूर आणि वाइनमधले डांबर यांची ओळख पटते. सोबत तूप घातलेला मऊ वरणभात. जेवणानंतर संत्री मात्र पुढे करू नयेत, कितीही हंगाम असला आणि कितीही पाहुणचार करावासा वाटला तरी. त्यांच्या आंबटगोडीपुढे वाइन लाकडासारखी लागते. अक्रोड द्यावेत.

बाटलीत उरलेली वाइन बूच उलटे न लावता पहिल्यासारखेच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवावी. कोवळी बारोलो दुसऱ्या दिवशी अनेकदा अधिक चांगली लागते, तिसऱ्या दिवशी उतरते. त्यानंतर उरलेच तर ते पुढच्या मटणात कांदा परतल्यावर ओतावे आणि मद्यार्काचा वास जाईपर्यंत झाकण न ठेवता उकळावे; भांडे स्टीलचे घ्यावे, कारण लोखंडी कढईत वाइनच्या आंबटपणाने रस्सा काळा पडतो आणि धातूची चव उतरते.